जोडटिपणे आणि बैठकीचे इतिवृत्त : वैद्यांनी सॉफ्टवेअर कसे निवडावे?

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात झालेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली असल्याचे पुढे आले. त्याच दिवसांत पाली येथे आमची मासिक बैठक होती. पाच वैद्य आणि एक औषधी दुकानदार एवढाच आमचा गट. बैठकीत आमच्यातील ज्येष्ठ वैद्यांनी एक साधा प्रश्न विचारला. कटिशूल, अनिद्रा, सांधेदुखी अशा तक्रारी घेऊन या स्त्रिया आपल्याकडे वर्षानुवर्षे येत आहेत. त्यांपैकी कितीजणींची शस्त्रक्रिया वयाच्या चाळिशीच्या आत झाली होती, हे आपल्या नोंदींवरून सांगता येईल काय?

पाच वैद्यांच्या मिळून चाळीसहून अधिक रुग्णवह्या होत्या. उत्तर एकालाही देता आले नाही. माहिती नव्हती असे नाही. पूर्ववृत्तात ती आम्हीच आमच्या हाताने लिहिलेली होती. परंतु वही तारखेप्रमाणे चालते आणि ऊसतोडीचा रुग्ण हंगामाप्रमाणे येतो. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेले कोयते बाहेर पडतात, ते पाच-सहा महिन्यांनी गावी परततात. पहिली नोंद एका वहीत, परतल्यानंतरची दुसऱ्या वहीत, आणि मधल्या काळात कारखान्याच्या गावी कोणी काय औषध दिले याचा कागद बहुधा हरवलेला. दोन नोंदींना जोडणारा दुवा केवळ वैद्याच्या स्मरणात असतो, आणि स्मरणाला वयाची मर्यादा आहे हे आम्ही निराळे सांगावयास नको.

त्या बैठकीपासून आम्ही टिपणांसाठी योग्य सॉफ्टवेअर शोधू लागलो. मधल्या काळात काही घेतली, काही सोडली, पैसेही वाया घालविले. अनेक वैद्यबंधू व औषधी निर्माते याच विचारात असल्याचे संमेलनांतील गप्पांवरून जाणवते. म्हणून आमचा अनुभव आणि त्यातून बनलेले मत येथे मांडीत आहोत.

जोडणी म्हणजे काय?

साध्या टिपणवहीत आणि जोडटिपणांत फरक एवढाच की, एका टिपणात दुसऱ्याचे नाव लिहिले की तेथून थेट त्या टिपणावर जाता येते. आणि त्या दुसऱ्या टिपणाच्या खाली, आपल्याकडे कोठकोठून बोट दाखविले गेले आहे, याची यादी आपोआप तयार होते. पहिल्या गोष्टीत नवल नाही. दुसरी गोष्ट, म्हणजे उलट दिशेचा दुवा, हे या प्रकारच्या सॉफ्टवेअरचे खरे बळ होय.

आपल्या संहिताकारांना पहिली गोष्ट उत्तम अवगत होती. चरकाने सिद्धिस्थानाच्या बाराव्या अध्यायात ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या, सुश्रुताने उत्तरतंत्राच्या पासष्टाव्या अध्यायात ३२. त्यांत अतीतावेक्षण म्हणजे मागे सांगितलेल्याकडे निर्देश आणि अनागतावेक्षण म्हणजे पुढे सांगावयाच्या विषयाकडे निर्देश, या दोन युक्ती आहेत. सूत्रस्थानातील एखादे वाक्य कल्पस्थानाकडे पाठविते, ते अनागतावेक्षणच. परंतु कल्पस्थानातील त्या जागी उभे राहिले असता, येथे कोणकोणत्या अध्यायांनी वाचकाला पाठविले आहे, हे समजण्याची सोय मूळ ग्रंथात नाही. ते काम टीकाकारांनी केले. चक्रपाणिदत्ताची आयुर्वेददीपिका वाचताना किंवा आपल्याच देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील हेमाद्रीची अष्टांगहृदयावरील आयुर्वेदरसायन टीका वाचताना, या विद्वानांच्या मनात संपूर्ण तंत्र किती जोडलेले होते हे पानोपानी दिसते. सामान्य वैद्याची तेवढी धारणाशक्ती नसते. यंत्राची मदत हवी ती तेथे.

पाश्चात्त्य जगात या पद्धतीचे उदाहरण म्हणून जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान (१९२७-१९९८) यांचे नाव नेहमी घेतले जाते. त्यांनी सुमारे ९० हजार चिठ्ठ्या लाकडी खणांत ठेवल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीला कायमचा क्रमांक, आणि चिठ्ठीवर संबंधित इतर चिठ्ठ्यांचे क्रमांक. सगळे हाताने. आजची बहुतेक जोडटिपण सॉफ्टवेअरे त्यांचे नाव घेऊन विकली जातात. वस्तुतः लुहमान यांच्या खणांतून आपण एक गोष्ट घ्यावी असे आम्हांस वाटते : जोडताना का जोडले, हे चार शब्दांत लिहिणे. 'पाहा : गुळवेल' एवढे लिहून ठेवलेला दुवा सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही. 'पाहा : गुळवेल, याच रुग्णास जीर्णज्वरात उपयोग, मात्र मलावष्टंभ वाढला' हा दुवा दहा वर्षांनीही बोलतो.

टिपणे कोणाच्या घरी राहतात?

सॉफ्टवेअर निवडताना आम्ही प्रथम चूक केली ती सोयींची तुलना करण्याची. रंग, चित्रे, आठवण देणारी घंटा, सुंदर आलेख. पहिला प्रश्न निराळा असावयास हवा होता : हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडले तर माझी टिपणे माझ्या हातात कोणत्या रूपात राहतील?

हा प्रश्न कल्पित नाही. गूगलने २००६ मध्ये 'नोटबुक' नावाची सेवा सुरू केली, २००९ मध्ये तिचा विकास थांबविला आणि २०१२ मध्ये ती बंद झाली. एव्हरनोट हे २००८ पासून जगभर लोकप्रिय झालेले टिपण सॉफ्टवेअर. मालकी बदलल्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या विनामूल्य योजनेवर ५० टिपणांची मर्यादा आली. पन्नास टिपणे म्हणजे एका वैद्याचा एक आठवडासुद्धा नव्हे. यात त्या कंपन्यांना दोष देण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या कोठारात धान्य ठेवले की भाडे तो ठरविणार.

म्हणून आमची पहिली अट अशी ठरली की, टिपण आपल्या संगणकावरील फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलच्या रूपात असले पाहिजे. अशी फाइल कोणत्याही संगणकावर, कोणत्याही साध्या लेखन प्रोग्रॅममध्ये उघडते. शीर्षक, ठळक अक्षर, दुवा यांसाठी त्यात साधी चिन्हे वापरतात. या चिन्हपद्धतीला मार्कडाउन म्हणतात. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ मध्ये प्रसिद्ध केली. दुवा देण्यासाठी टिपणाचे नाव दुहेरी चौकटी कंसात लिहावयाचे, [[गुळवेल]] असे. शिकावयास अर्धा तास पुरतो. आमच्यातील ज्येष्ठ वैद्यांचे वय बहात्तर आहे आणि त्यांना वीस मिनिटे लागली, हे त्यांच्या परवानगीने नमूद करतो.

या अटीवर दोन सॉफ्टवेअरे पुरी उतरली. ऑब्सिडियन हे २०२० मध्ये आले. ते फोल्डरमधील मार्कडाउन फाइलींवरच काम करते, इंटरनेटशिवाय चालते, उलट दुवे दाखविते. फेब्रुवारी २०२५ पासून व्यवसायासाठीही त्याचा वापर विनामूल्य आहे. अनेक उपकरणांवर टिपणे एकसारखी ठेवण्याची त्यांची स्वतःची सेवा मात्र सशुल्क आहे. दुसरे लॉगसेक. त्याचा मूळ संकेत सर्वांसाठी खुला आहे, त्यात प्रत्येक ओळ हा स्वतंत्र घटक असतो आणि उघडताच आजच्या तारखेचे पान समोर येते. रोजनिशी लिहिणाऱ्यास लॉगसेक अधिक भावेल. द्रव्य, योग आणि व्याधी यांची लांब टिपणे लिहिणाऱ्यास ऑब्सिडियन. लॉगसेकची नवी आवृत्ती फाइलींऐवजी डेटाबेसवर उभी करण्याचे काम चालू असल्याने, घेताना आपण कोणत्या प्रकारची घेत आहोत याची खात्री करून घ्यावी.

जॉप्लिन हेही खुले व चांगले आहे. परंतु त्याची टिपणे एका डेटाबेसमध्ये राहतात आणि उलट दुव्यांसाठी जोडप्रोग्रॅम बसवावा लागतो. वननोट अनेकांच्या संगणकावर आधीपासून असते आणि लेखणीने लिहिणाऱ्यास ते फार सोयीचे. पण उलट दुव्यांची यादी ते आपोआप देत नाही. नोशनमध्ये अनेकांनी एकाच वेळी एकाच पानावर लिहिण्याची सोय उत्तम आहे, तक्तेही सुबक होतात. टिपणे मात्र त्यांच्या सर्व्हरवर असतात. ती बाहेर काढता येतात, पण काढल्यावर फाइलींच्या नावांना लांबलचक सांकेतिक शेपूट लागते आणि तक्ते वेगळ्या प्रकारच्या फाइलींत जातात. ते पुन्हा नीट लावण्यात आमचे दोन रविवार गेले. पाली महामार्गालगत असल्याने येथे नेटवर्क बरे मिळते, डोंगराच्या बाजूच्या वस्त्यांवर गेले की ते जाते. शिबिरात नोंदी लिहिणाऱ्यास ही बाब गौण वाटणार नाही.

तूप आणि तुपाबरोबर

ज्या विषयावर कोणत्याही माहितीपत्रकात एक ओळ सापडत नाही आणि ज्यापायी आमचा सर्वांत अधिक वेळ गेला, तो विषय म्हणजे मराठीतील शोध.

ज्या वैद्यांची जुनी टिपणे, व्याख्याने, योगांचे तक्ते छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टांत टंकलेले आहेत, त्यांनी प्रथम ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावे. जुन्या फॉन्टांत डोळ्यांना देवनागरी दिसते, संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक माळ असते. त्यात ना शोध लागतो ना दुवा जुळतो. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि मात्रांचे आकडे डोळ्यांखालून घालावेत. आमच्या एका तक्त्यात रूपांतरानंतर दशांशचिन्हे गळाली होती. भस्माच्या मात्रेत दशांशचिन्ह गळणे म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको.

युनिकोडमध्ये आल्यावरही सर्व सुरळीत होत नाही. 'अश्वगंधा' आणि 'अश्वगन्धा' हे आपल्याला एकच द्रव्य, संगणकाला दोन. हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय वैद्यकीय संपदा संस्थेच्या ई-संहितेतून उतरविलेला संस्कृत उतारा परसवर्णाने लिहिलेला असतो आणि आपले मराठी टिपण अनुस्वाराने. मग चरकातील वचन आणि आपला रुग्णानुभव एकमेकांस भेटतच नाहीत. 'ॲसिडिटी' शब्दातील पहिले अक्षर दोन प्रकारे लिहिता येते : २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेले स्वतंत्र 'ॲ', अथवा 'अ' वर चंद्र देऊन. 'कोऱ्या' मधील अर्ध्या 'र' चेही तसेच. कागदावर दोन्ही एकसारखे दिसतात, म्हणून तर फसगत होते. सर्वांनी एकच कळफलक वापरावा, हा यावरचा साधा उपाय.

त्याहून मोठी अडचण मराठीच्या स्वभावातच आहे. इंग्रजीत द्रव्याचे नाव वाक्यात बहुधा जसेच्या तसे येते. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचे अंग बदलते. 'अश्वगंधा' शोधले तर 'अश्वगंधेने' सापडत नाही. 'तूप' शोधले तर 'तुपाबरोबर' सापडत नाही, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला. 'दूध' व 'दुधातून', 'मूळ' व 'मुळाचा', 'तांदूळ' व 'तांदळाचे धुवण' यांची गत तीच. अनुपानांची निम्मी यादी यात येते. आपण न दिलेले दुवे सुचविण्याची सोय काही सॉफ्टवेअरांत असते. मराठीत ती याच कारणाने लंगडी पडते.

यावर दोन उपाय उपयोगी पडले. शोधताना शब्दाचे न बदलणारे अंग द्यावे : 'अश्वगंध' असे शोधले की दोन्ही रूपे येतात, 'आवळ' शोधले की 'आवळा' आणि 'आवळ्याचा' दोन्ही. दुवा देताना मूळ नाव आणि वाक्यातील रूप यांच्यामध्ये उभी रेघ द्यावी, [[तूप|तुपाबरोबर]]. वाचणाऱ्यास 'तुपाबरोबर' दिसते, दुवा 'तूप' या टिपणास लागतो. प्रथम हे कष्टाचे वाटते. महिन्याभरात हात बसतो.

पर्यायनामांचा प्रश्न आपल्या शास्त्राचा खास. ऑब्सिडियनमध्ये एका टिपणाला अनेक पर्यायी नावे देता येतात. गुळवेलीच्या टिपणाला गुडूची, छिन्नरुहा ही नावे दिली की कोणत्याही नावाने तेच टिपण मिळते. निघंटुकारांनी हेच केले होते. पण 'अमृता'ला काय करावयाचे? ती गुडूची, तशीच हरीतकीही. अशा नावाचा पर्याय म्हणून उपयोग करू नये. 'अमृता' नावाचे स्वतंत्र टिपण करून त्यातून दोहोंकडे दुवा द्यावा आणि कोणत्या अधिकारात कोणता अर्थ घ्यावयाचा ते तेथे लिहावे. व्याधींच्या नावांसाठी आयुष मंत्रालयाच्या २०१७ च्या 'नमस्ते' पोर्टलवरील प्रमाणित संज्ञा व संकेतांक वापरावेत असे आम्ही सुचवू. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचे प्रकरण समाविष्ट झाले आहे. पुढेमागे आपल्या नोंदी कोणाच्या नोंदींशी ताडून पाहावयाच्या झाल्यास हा संकेतांकच कामी येईल.

कोणतेही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी वर सांगितलेल्या शब्दांचे एक दहा ओळींचे टिपण तयार करावे, ते त्यात घालावे आणि प्रत्येक शब्द शोधून पाहावा. मोबाइलवरही पाहावा. विक्रेत्याच्या तासाभराच्या प्रात्यक्षिकापेक्षा यातून अधिक कळते.

बैठकीची नोंद

संघटनेच्या इतिवृत्तांची भाषा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे : 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते संमत करण्यात आला.' साधक काय होते आणि बाधक काय, हे मात्र चहाबरोबर विरून जाते.

याची किंमत आम्ही मोजली आहे. बाजारात 'रास्ना' नावाने एकच द्रव्य मिळत नाही. कोठे प्लुचिया लॅन्सिओलाटा, कोठे कुलिंजनाचे कंद, बंगालकडे आणखी निराळी वनस्पती. एका बैठकीत यावर तासभर बोलणे झाले, कोणते रास्ना घ्यावयाचे हे ठरले, रजिस्टरात एका ओळीचा ठराव लिहिला गेला. पुढील वर्षी खरेदी दुसऱ्या सभासदाकडे आली. त्यांनी मागणीपत्रात 'रास्ना' एवढेच लिहिले आणि नको ते पोते आले. त्यांचा दोष नव्हता. ठराव बैठकीच्या रजिस्टरात होता. खरेदी करणारा मनुष्य खरेदीच्या वेळी बैठकीचे रजिस्टर उघडीत नाही, तो द्रव्याचे टिपण उघडतो.

जोडटिपणांचा बैठकीस उपयोग नेमका येथे आहे. आता आमच्या बैठकीच्या टिपणात निर्णयाच्या ओळीत [[रास्ना]] असा दुवा असतो, म्हणून रास्नेचे टिपण उघडताच खाली ती बैठक, ती तारीख आणि तो निर्णय दिसतो. 'ब्राह्मी'बाबतही तसेच केले. बॅकोपा मोनिएरी हवी की सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, हे शास्त्रीय नावाने लिहिल्याशिवाय मागणी जात नाही.

काय लिहावे याचा वस्तुपाठ पुन्हा चरकातच आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. परंतु संभाषेची नोंद कशी असते हे पाहावयाचे तर सूत्रस्थानातील सव्विसावा, आत्रेयभद्रकाप्यीय अध्याय काढावा. चैत्ररथ वनात रस किती यावर चर्चा चालली आहे. भद्रकाप्य म्हणतो एक, शाकुंतेय ब्राह्मण दोन, पूर्णाक्ष मौद्गल्य तीन, हिरण्याक्ष कौशिक चार, कुमारशिरा भरद्वाज पाच, राजर्षी वार्योविद सहा, विदेहाचा निमी सात, बडिश धामार्गव आठ आणि बाल्हीक देशाचा कांकायन असंख्य. प्रत्येकाचे नाव आहे, मत आहे, त्याचे कारण आहे. शेवटी आत्रेय सहा रसांचा निर्णय देतात आणि इतर मते का टिकत नाहीत हेही सांगतात. अमान्य झालेली मते गाळली असती तर आपण षड्रस पाठ केले असते, समजून घेतले नसते.

आमच्या नमुन्यात म्हणून पाचच गोष्टी आहेत : उपस्थिती, विषय, नावासह वेगवेगळी मते, निर्णय व त्याचे कारण, आणि कोणी कधीपर्यंत काय करावयाचे. लिहिणारा एकच असतो. दोघांनी दोन उपकरणांवर तीच फाइल बदलली की एकाचे लेखन दुसऱ्याच्या खाली जाते किंवा दोन प्रती होतात. हा त्रास आम्ही भोगून सोडला. बैठकीपूर्वी विषयपत्रिका सर्वांनी मिळून भरावयाची असेल तर त्यासाठी गूगल डॉक्ससारखी सोय वापरावी. इतिवृत्त मात्र आपल्या फोल्डरमध्येच राहावे.

बैठकीचे बोलणे ध्वनिमुद्रित करून आपोआप लिहून देणाऱ्या सोयी आता अनेक सॉफ्टवेअरांत आल्या आहेत. त्यांविषयी आमचे मत सावध आहे. बहुतेक सेवांत ध्वनी बाहेरच्या सर्व्हरवर जातो. ओपन-एआय संस्थेने २०२२ मध्ये खुले केलेले 'व्हिस्पर' आपल्या संगणकावरच चालविता येते आणि त्यास मराठीही समजते. परंतु मराठवाडी बोली, मध्येच संस्कृत संज्ञा आणि मध्येच इंग्रजी, या आमच्या मिश्रणात त्याची धांदल उडाली. शब्द चुकला तर हसून सोडता येते. 'अडीचशे मिलिग्रॅम'चे 'अडीच' झाले, 'दोन रत्ती'चे 'दोन' झाले आणि पुढे कोणी ग्रॅम समजला, तर? फॉर्म्युलरीच्या मानाने एक रत्ती १२५ मिलिग्रॅम. दोन रत्ती आणि दोन ग्रॅम यांत आठ पटींचे अंतर आहे. यंत्राने लिहिलेली मात्रा मूळ बोललेल्याशी ताडल्याखेरीज आम्ही टिपणात घेत नाही. शिवाय मुद्रणासाठी उपस्थित प्रत्येकाची संमती आधी घ्यावी.

रुग्णाचे नाव

जोडणीचे सामर्थ्य हाच येथे धोका. एकेक नोंद निरुपद्रवी असते. वस्ती, वय, टोळी, शस्त्रक्रियेचे साल हे चार दुवे एकत्र आले की गावात कोणालाही ती बाई ओळखता येते. पालीजवळ एचआयव्हीबाधित बालकांसाठी काम करणारी इन्फंट इंडिया ही संस्था आहे. ज्या गावाने या रोगाभोवतीची भीती जवळून पाहिली आहे, तेथे एका नोंदीची वाच्यता काय करू शकते हे समजावून सांगावे लागत नाही. एचआयव्हीविषयक २०१७ चा कायदा अशा माहितीची गुप्तता बंधनकारक करतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या आहेत.

आमची व्यवस्था अशी. जोडटिपणांत रुग्णाचे नाव, वस्ती, दूरध्वनी यांपैकी काही नसते. केवळ क्रमांक असतो. क्रमांक आणि नाव यांची यादी प्रत्येक वैद्याच्या कुलपातील वहीत, कागदावर. बैठकीत क्रमांकानेच बोलतो. संगणकाला परवलीचा शब्द आहे आणि फोल्डरची प्रत दर शनिवारी दोन वेगळ्या पेन ड्राइव्हांवर निघते; त्यांपैकी एक चिकित्सालयाबाहेर राहतो. औषधी निर्मात्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : अनुसूची 'टी'प्रमाणे ठेवावयाच्या घाणवार उत्पादन नोंदी अशा टिपणांत ठेवून भागत नाही. त्या त्यांच्या विहित नमुन्यातच हव्यात. टिपणात फार तर त्या घाण्याचा क्रमांक द्यावा, म्हणजे एखाद्या रुग्णाने चूर्णाविषयी तक्रार केली तर घाण्यापर्यंत माग काढता येतो.

या व्यवस्थेत उणिवा आहेत. लिहिणारा एकच असल्याने तो आजारी पडला की तुंबते. दोन सभासद अजूनही वहीत लिहितात आणि महिनाअखेर आणून देतात. त्यांच्यावर सक्ती करावी असे आम्हांस वाटले नाही. द्रव्यांची टिपणे भराभर वाढली, व्याधींची मागे राहिली, कारण द्रव्याविषयी लिहिणे सोपे असते. दुव्यांचे जाळे पडद्यावर दाखविणारा आलेख पाहुण्यांस फार आवडतो. आम्हांस त्याचा आजवर एकदाही उपयोग झालेला नाही.

२०१९ च्या त्या प्रश्नाचे उत्तर अद्याप अर्धेच आले आहे. नव्या पद्धतीने नोंदलेल्या स्त्रियांपुरते ते आता काही मिनिटांत निघते : शस्त्रक्रिया कोणत्या वयात झाली, तक्रारी किती वर्षांनी सुरू झाल्या, हंगामावर जाण्यापूर्वी दिलेले औषध परतताना चालू होते की सुटले होते. प्रत्येक टिपणाला त्या वर्षीच्या गाळप हंगामाचा दुवा असतो, त्यामुळे दोन नोंदींमधील सहा महिन्यांची पोकळी निदान डोळ्यांसमोर राहते. जुन्या वह्यांपैकी मागच्या बाजूने २०१६ पर्यंतच्या उतरवून झाल्या. त्यापूर्वीच्या वह्यांतील शाई काही ठिकाणी पुसट झाली आहे. ज्येष्ठ वैद्य त्या स्वतः वाचून सांगतात, दुसरा टंकतो, आणि अक्षर न लागल्यास त्या ठिकाणी अंदाज न लिहिता प्रश्नचिन्ह टाकण्याचे ठरले आहे.

बैठकीच्या व द्रव्यटिपणाच्या कोऱ्या नमुन्याच्या फाइली, तसेच मराठी शोधाचे दहा ओळींचे चाचणी टिपण आम्ही तयार ठेवले आहे. ज्यांना हवे त्यांनी संघटनेच्या पुढील बैठकीस येताना रिकामा पेन ड्राइव्ह आणावा.